आमच्या घरात वरण बंद झालं तेव्हा

हे मी उजवा डोळा मिटून लिहितोय. उघडा ठेवला की मधोमध करडा डाग येतो आणि ओळ हरवते, म्हणून मिटलेलाच बरा. ज्यांचं वजन माझ्यासारखं आहे, ज्यांना प्रेशरची गोळी चालू आहे आणि ज्यांच्या घरी बायको, आई, शेजारीण अशा तिघी मिळून त्यांची काळजी घेतात, त्यांनी हे वाचावं. ज्यांची जरा जास्तच काळजी घेतली जाते त्यांनी तर नक्की वाचावं.

माझं नाव वाल्मीक. गाव धुळे जिल्ह्यातलं, पण लग्नाआधीच गुजरातला लागून असलेल्या सिल्वासाला आलो आणि इथलाच झालो. तिथल्या सायली भागातल्या एका धाग्याच्या कंपनीत मशीन ऑपरेटर होतो. पॉलिस्टरचा धागा केसाहून बारीक असतो. तो मशीनवर कुठे तुटला ते पाहायचं, टोक पकडायचं आणि चालत्या मशीनमध्ये पुन्हा ओवायचं, हे माझं काम. त्याला नजर लागते आणि बोटं लागतात, बाकी शिक्षण लागत नाही. डोकमर्डीत दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या. घरात बायको उषा आणि कॉलेजात जाणारी मुलगी मयूरी. आई गावी धाकट्या भावाकडे असते.

वजन शंभराच्या पुढे होतं आणि मला त्याची लाज नव्हती. आमच्याकडे बाहेरगावी कमवायला गेलेला माणूस वाळून परत आला तर गाव त्याच्या बायकोला नावं ठेवतं. मी गावी गेलो की आई माझ्या दंडाला हात लावून बघायची आणि उषाकडे बघून मान डोलवायची. कंपनीतले लोक मला सेठ म्हणायचे. मी पोटावरून हात फिरवून म्हणायचो, सेठ नाही तर नाही, पोट तरी सेठचं आहे. असा सगळा आनंद होता.

तपासणी

कंपनीत दर वर्षी तब्येत तपासतात. कँटीनमध्ये टेबलं मांडलेली असतात, आपण रांगेत उभं राहायचं, दंडाला पट्टा, बोटाला सुई, की सुट्टी. त्या वर्षी सिस्टरनं पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. मग दुसऱ्या दंडाला बांधला. मग उठून डॉक्टरांना घेऊन आली. मागे रांगेतल्या कोणीतरी म्हटलं, "सेठचा दंड मावत नसेल पट्ट्यात." सगळे हसले, मीही हसलो. डॉक्टर हसले नाहीत.

त्यांनी विचारलं, डोकं दुखतं का, चक्कर येते का, छातीत धडधडतं का. मला यातलं काहीच होत नव्हतं. नुकताच मी नाश्त्याला चार समोसे खाऊन आलो होतो आणि मला तर एकदम ठणठणीत वाटत होतं. तरी त्यांनी जास्तीचं रक्त काढून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात दवाखान्यात बोलावलं. म्हणाले, बायकोला घेऊन या. बायकोला घेऊन या म्हटल्यावर मात्र मी घाबरलो. माझे थोरले काका प्रेशरनंच अंथरुणाला खिळले होते. त्यांचं एका बाजूला ओढलेलं तोंड लहानपणी पाहिलेलं, ते आठवडाभर डोळ्यांसमोरून हलेना.

दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्ट समोर धरला आणि समजावून सांगितलं. माणूस चांगला, बोलणं हळू. "देखिए, आपके खून में एक प्रोटीन बढ़ा हुआ है. मतलब शरीर के अंदर सूजन है, वज़न की वजह से. ऊपर से प्रेशर भी इतना. दोनों साथ में अच्छे नहीं हैं." मी हातापायांकडे पाहिलं. सूज कुठे दिसत नव्हती. त्यांनी गोळी लिहून दिली. तेल कमी, मीठ कमी, रोज चालणं, आणि महिन्यानं पुन्हा दाखवायला या, असं सांगितलं. बाहेर रांग मोठी होती. आम्ही उठलो.

मोटरसायकलवर उषा घर येईपर्यंत रिपोर्ट छातीशी धरून बसली होती. घरात आल्यावर पदरानं तोंड पुसत म्हणाली, "प्रोटीन वाढेल आहे म्हणे तुमचं. मग आता डाळ बंद."

मला ते पटलं. आम्ही दोघं दहावीपर्यंत शिकलो. प्रोटीन म्हणजे प्रथिनं आणि प्रथिनं म्हणजे डाळी, कडधान्यं, अंडी, दूध, हे शाळेत परीक्षेला यायचंच. त्याचे मार्क मला मिळालेले होते. शिवाय शेजारच्या हर्षाबेननी शिक्कामोर्तब केलं. त्यांच्या जेठाला, म्हणजे थोरल्या दिराला, मागे युरिक ॲसिड झालं होतं आणि त्याची डाळ डॉक्टरनंच सोडवली होती. "दाळ तो बंध ज करी दो, भाभी," त्या म्हणाल्या. "कठोळ पण नहीं." कठोळ म्हणजे कडधान्यं. तीही गेली.

पथ्य

खानदेशी माणसाच्या ताटातून डाळ काढून घेतली की मागे काय उरतं, ते मला त्या वर्षी कळलं. रविवारची वरण-बट्टी गेली. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, म्हणून ती गेली. शेवभाजी बेसनाची म्हणून गेली. अंडी गेली, दूध चहापुरतं राहिलं. उषानं हे पथ्य असं सांभाळलं की देवाचं सोवळंही कोणी तसं सांभाळणार नाही. मीठ कमी करा म्हटलं होतं, तर तिनं मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली आणि भाजीत चिमटीनं मीठ टाकू लागली. मयूरीनं वरून घेते म्हटलं तर तिला दटावलं, "पप्पा अळणी खातात, तर तुला काय झालं?" ती स्वतःही अळणीच खायची. डाळही तिनं स्वतःसाठी कधी वेगळी शिजवली नाही.

भाकरी आणि अळणी भाजी. घास फिरायचा तोंडात. आईला फोनवर हे कळलं तेव्हा तिचा जीव तुटला. आई घरात अहिराणीच बोलते. म्हणाली, "दाय बंद, अंडा बंद, मंग मन्हा पोऱ्या खाई काय?" आणि तिनं गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर डबा धाडला. मोठा पत्र्याचा डबा, वरपर्यंत बिबडे. खाली कुरडया, ज्वारीचे पापड, तळलेल्या मिरच्या. बिबडा म्हणजे आमच्याकडचा ज्वारीचा जाड पापड, त्यात लसूण, तीळ, तिखट. त्यात डाळ नसते. उषानं फोनवर आईला दोनदा विचारून खात्री करून घेतली, की उडदाचा हात नाही ना लागला कशाला.

मग माझं जेवण सुरू झालं. अळणी भाजी, भाकरी आणि बरोबर भाजलेले बिबडे. सकाळी चहाबरोबर बिबडा. डब्यात बिबडा, लिंबाचं लोणचं, मिरची. संध्याकाळी भूक लागली की कच्चाच बिबडा चुरून त्यावर तेल आणि कांदा. डबा संपत आला की आई दुसरा धाडायची. हात दुखत असताना ती सुनेला घेऊन करत बसायची, असं भाऊ सांगायचा. त्यात मीठ किती, पापडखार किती, हा विचार आई, उषा आणि मी, आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही. मीठ म्हणजे बरणीतलं मीठ. ते तर फळीवर होतं.

वजन थोडं उतरलं. पँट सैल झाली. हर्षाबेन म्हणाल्या, "जुओ, फरक पड्यो." सगळ्यांचं मत पडलं की औषध लागू पडतंय. गोळी मी एकही दिवस चुकवली नाही, उषा हातावर ठेवायची. महिन्यानं दाखवायला जायचं होतं ते पुढे ढकललं, मग आणखी पुढे. सकाळी मानेमागे जड वाटायचं. ते आम्ही अशक्तपणावर टाकलं. डाळ नाही तर ताकद कुठून येणार, म्हणून उषा ताटात एक बिबडा जास्त वाढायची.

मशीनवर

सकाळची पाळी होती. धागा तुटल्याचा दिवा लागला म्हणून मी गेलो. टोक दिसेना. चष्म्याला तेल लागलं असेल म्हणून चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं, तर उजव्या डोळ्यासमोर खालच्या अंगाला कोणी ओला बोळा फिरवावा तसं सगळं फिसकटलेलं. दुखत काहीच नव्हतं. मी डावा डोळा झाकला आणि समोरच्या मशीनवरचा आकडा वाचायला गेलो. आकडा नव्हता. त्याच्या जागी एक तपकिरी धूर होता.

मी तिथेच खाली बसलो. सुपरवायझरनं पाणी दिलं, गाडी काढली. सरकारी दवाखान्यात प्रेशर मोजलं तेव्हा सिस्टरनं आकडा मोठ्यानं सांगितला नाही, लिहून डॉक्टरांच्या समोर धरला. डोळ्यांच्या मॅडमनी बाहुलीत औषध घालून आत पाहिलं. म्हणाल्या, डोळ्याच्या मागची रक्ताची नस अडकली आहे आणि आत रक्त पसरलं आहे, प्रेशरमुळे. मी विचारलं, दिसेल ना पुन्हा? त्या म्हणाल्या, "कोशिश करेंगे." त्या शब्दावर मी पुढचे कितीतरी महिने काढले.

ताट

वॉर्डात पहाटेच पट्टा बांधायला यायचे, मग रक्त, मग चहा, मग पुन्हा पट्टा. शेजारच्या खाटेवर खानवेलकडचे एक आजोबा होते. त्यांच्या मूत्रपिंडाचं काहीतरी होतं, त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. एका डोळ्यानं मला पायरी कुठे आहे ते कळत नसे, पाऊल हवेत पडायचं. आजोबा स्वतः धड उभे राहू शकत नसत, पण मी संडासाकडे निघालो की उठून माझं मनगट धरायचे. आम्ही दोघं मिळून एक धड माणूस होत होतो. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

दुपारी दवाखान्याचं जेवण आलं. मुगाची खिचडी. उषानं ताट हातात घेतलं, पाहिलं आणि वाढणाऱ्या बाईला परत देऊ लागली. "यांना डाळ चालत नाही."

वॉर्डाचे डॉक्टर शेजारच्या खाटेपाशी होते. ते वळले. "किसने मना किया?"

"डॉक्टरांनीच. प्रोटीन वाढेल आहे ना यांचं," उषा म्हणाली. आणि मग ते विचारत गेले, ही सांगत गेली. काय खातात, काय बंद आहे, मीठ किती. ती हे सगळं जरा अभिमानानं सांगत होती, आणि तो अभिमान खराही होता. मयूरीच्या लग्नाचे दागिने सांभाळावेत तसं तिनं ते पथ्य सांभाळलं होतं. शेवटी म्हणाली, "हे आणेल आहे ना घरून," आणि पिशवीतून डबा काढून दाखवला.

डॉक्टरांनी बिबड्याचा तुकडा मोडून तोंडात टाकला. त्यांचा चेहरा बदलला. ते खाटेच्या कडेला बसले. आवाज न चढवता त्यांनी समजावलं की रक्तातलं ते प्रोटीन डाळीतून येत नाही. आत सूज असली की आपलं लिव्हरच ते तयार करतं, ती नुसती खूण आहे. डाळ खाल्ल्यानं ते वाढत नाही, सोडल्यानं कमी होत नाही. कमी करायचं होतं ते मीठ. आणि ते, त्यांनी डब्याकडे बोट दाखवलं, इथे होतं सगळं.

उषाच्या हातात खिचडीचं ताट तसंच होतं. ते तिनं कपाटावर ठेवलं. मयूरी नुकतीच कॉलेजातून आली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "मम्मी, एकदा फोनवर सर्च तरी करायचं ना. सिरियसली, एकदा तरी." पोर घाबरली होती म्हणून बोलली. पण बोलून गेली.

त्या दिवसापासून उषा माझ्यासमोर जेवली नाही. मी जेवलो की ती ताट घेऊन आतल्या खोलीत जायची.

नंतरचे महिने

डोळ्यात इंजेक्शन घेतात हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला घ्यावं लागलं तर सांगतो, दुखतं कमी आणि भीती फार वाटते. बधिर करणारे थेंब घालतात, पापणी चिमट्यानं उघडी धरतात आणि सुई येताना दिसते. मी दर वेळी मनात आईला हाक मारायचो. घरी आल्यावर पट्टी काढली की पहिलं काम म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहून डावा डोळा झाकायचा. उषा दारात उभी राहायची. तिला विचारायची हिंमत नव्हती, मला सांगायची नव्हती.

प्रेशर मात्र उतरलं. डाळ परत आली, डबे बंद झाले, मी रोज चालू लागलो. प्रेशर इतक्या साध्या उपायांना ऐकत होतं, हे पाहून मला जास्तच वाईट वाटायचं. कंपनीनं काढलं नाही, पॅकिंगला बसवलं. तिथे खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या असतात. कोणी आता सेठ म्हणत नाही. मी मशीनच्या हॉलमधून जाणं टाळतो, कारण तुटलेल्या धाग्याचा दिवा लागला की पाय आपोआप तिकडे वळतात.

आईला आम्ही बिबड्याचं काहीच सांगितलं नव्हतं. ती रोज फोन करायची. "डोया कसा शे?" आम्ही म्हणायचो, इलाज चालू आहे.

आणि उषावर मला राग होता. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण अशा घरातल्या माणसांनी हे वाचावं असं वाटत असेल तर लिहिलं पाहिजे. राग मोठा नव्हता. ती हातावर गोळी ठेवायची तेव्हा, भाजी चाखून बघायची तेव्हा, तेवढ्यापुरता यायचा. ते डबे मीच चवीनं खाल्ले होते, हेही मला कळत होतं. मी एक शब्द बोललो नाही. मला वाटायचं, न बोलणं म्हणजे माफ करणं.

शेवटचं दाखवणं

परवा डोळ्यांच्या मॅडमनी फाइल बंद केली. म्हणाल्या, आता इंजेक्शनचा उपयोग नाही. या डोळ्याला जेवढं दिसतंय तेवढंच राहील. दुसरा जपा, प्रेशर जपा. मला अंदाज होता. मी उठलो.

उषा उठली नाही. आपल्या मोडक्या हिंदीत तिनं विचारलं, "मॅडम, एक बात पूछनी है. मेरे खाने से गई क्या इनकी आँख?"

मी म्हटलं, "अगं, काय विचारतेस, चल." ती माझ्याकडे बघेना.

मॅडमना नाही म्हणता आलं असतं. त्यांनी फाइलकडे पाहिलं, मग हिच्याकडे. "सिर्फ़ उससे नहीं. वज़न था, प्रेशर पहले से था, दिखाने भी नहीं आए. लेकिन उन महीनों में नमक ने बहुत बिगाड़ा. हाँ, उससे हुआ."

"बरं," उषा म्हणाली. हात जोडले आणि बाहेर आली.

औषधाच्या खिडकीसमोरच्या बाकावर आम्ही बसलो. मला म्हणायचं होतं, तुझी चूक नाही. शब्द तयार होते. पण मॅडम हो म्हणाल्या तेव्हा माझ्या छातीवरचं काहीतरी हलकं झालं होतं, आणि ते मला स्वतःला कळलं होतं, म्हणून ते शब्द तोंडातून निघेनात.

तीच म्हणाली, "मी विचारलं नसतं तर तुम्ही जन्मभर बोलले नसते ना?"

"नसतो."

"तेच मले सोसवत नव्हतं. आता झालं ते झालं. आता माझ्याकडे नीट बघत जा."

तेवढ्यात माझा फोन वाजला. आई. उषानं तो माझ्या हातातून घेतला आणि डोळा आता सुधारणार नाही, एवढं सांगितलं. आई मोठ्यानं बोलते, मला सगळं ऐकू येत होतं.

"काय म्हने डॉक्टरीन? डोया कसामुये गया?"

"वयामुये, आई. वय व्हयनं का व्हस आसं कोनले कोनले."

 मग आई म्हणाली, "मन्हा हातथून काही चुकनं ते नही ना, बेटा? खरं सांग."

"नही, आई. तुम्हनं काहीच नही चुकनं."

मग ती आईशी इकडचं तिकडचं बोलत बसली. भावाच्या पोराची परीक्षा, कोणाच्या लग्नाची तारीख, आईच्या हाताचं दुखणं. आवाज एकदाही हलला नाही. रडलो तो मी, त्या बाकावर, लोकांसमोर. आणि गेलेल्या डोळ्यातूनही पाणी तेवढंच येतं, हे मला तेव्हा कळलं.